आर्य कुठून आले? कोकणात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात इतिहासावर बोलायला उभं राहिलं, की विषय कातळशिल्पांचा असो वा बंदरांचा, शेवटी कुणीतरी विचारतंच, "ते सगळं ठीक, पण आर्य बाहेरून आले की इथलेच?" या एका प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात: भाषा कुठून आली, माणसं कुठून आली, आणि आपण स्वतःला काय म्हणवतो. तिन्हींचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो आणि तिन्हींची उत्तरं एकच असतील असं नाही. पुढची सगळी उत्तरं हे तीन धागे सुटे ठेवून दिली आहेत.

थोडक्यात सांगा: आर्य बाहेरून आले का?

संस्कृतच्या पूर्वज भाषा बोलणारे लोक साधारण इ. स. पू. २००० ते १५०० या काळात मध्य आशियातून वायव्येच्या वाटेने, टप्प्याटप्प्याने भारतात आले, असं आज बहुसंख्य भाषातज्ज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ मानतात. मलाही तेच पटतं. मात्र त्यांनी शहरं जाळून इथल्या लोकांना हाकलून दिलं याला पुरावा नाही. आणि आज भारतात असा एकही समाज नाही, जो निव्वळ त्या आलेल्यांचा वंशज आहे.

आर्य हा वंश आहे का?

नाही. ऋग्वेदातले कवी स्वतःला आर्य म्हणवतात, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातले इराणीही म्हणवतात. इराणचा सम्राट दारयवहुश (दरायस) नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात स्वतःला आर्य आणि आर्यकुळातला म्हणतो. इराण हे नावही त्याच शब्दातून आलं. त्या लोकांनी स्वतःला दिलेलं ते नाव होतं. त्यात भाषा, देवधर्म आणि रीतिभाती येत होत्या.

गोरा, उंच, श्रेष्ठ असा 'आर्य वंश' ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची निर्मिती. फ्रान्सच्या गोबिनोने १८५३ ते १८५५ मध्ये मानवी वंशांच्या विषमतेवर ग्रंथ लिहून तिला आकार दिला, आणि पुढे नाझींनी तिच्या नावाखाली लाखो माणसं मारली. संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांनी १८८८ मध्येच बजावलं होतं की आपण आर्य म्हणतो तेव्हा रक्त, हाडं, केस किंवा कवटी यांच्याविषयी बोलत नसतो. आर्य भाषा बोलणारे एवढाच त्याचा अर्थ. उशीर झाला होता.

संस्कृत आणि युरोपच्या भाषांचं साम्य पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

पाठ्यपुस्तकात सर विल्यम जोन्स यांचं नाव असतं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना ते म्हणाले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येण्यासारखं नाही. तिन्ही एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या, भाषेतून निघाल्या असाव्यात. 'आता अस्तित्वात नसलेली' हे महत्त्वाचं. संस्कृत ही सगळ्या भाषांची आई असं जोन्स म्हणाले नव्हते. त्यांच्या मते ती बहीण होती.

पण त्यांच्याही दोनशे वर्षं आधी हे साम्य आपल्या किनाऱ्यावर टिपलं गेलं होतं, आणि ते आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री, ज्याच्या 'ख्रिस्तपुराणा'मुळे मराठी वाचक त्याला ओळखतात, गोव्याच्या साष्टीत राहत होता. १५८३ साली भावाला गोव्याहून लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवलं, की या भागातल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. दोनेक वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने आणखी नेमकं लिहिलं. काळ्या मिरीच्या व्यापारासाठी तो कोची आणि गोव्यात होता. सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आपल्या इटालियनशी जुळतात, असं त्याने घरच्या मित्रांना कळवलं: सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोव्हे, देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पे. १५८८ मध्ये गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. ती पत्रं युरोपच्या विद्वानांच्या हाती वेळेत पडली असती, तर या शास्त्राचा जन्म कोकणपट्टीवर नोंदवला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

शब्द उसनेही घेता येतात. मग साम्य म्हणजे नातं, हे कशावरून?

शंका अगदी रास्त आहे. आपण पोर्तुगिजांकडून पाव, बटाटा, चावी घेतले, म्हणून मराठी काही पोर्तुगीजची बहीण ठरत नाही. नातं ठरवताना भाषातज्ज्ञ तीन गोष्टी पाहतात.

पहिली, शब्द कुठले आहेत. नव्या वस्तूंची नावं उसनी येतात. घरातल्या माणसांची सहसा येत नाहीत. कोकणातल्या कुठल्याही मोठ्या घराच्या माजघरात डोकावा. सासू म्हणजे संस्कृत श्वश्रू, लॅटिनमध्ये सोक्रुस. सून म्हणजे स्नुषा, लॅटिनमध्ये नुरुस. दीर म्हणजे देवर, ग्रीकमध्ये दाएर, लॅटिनमध्ये लेव्हिर. आणि जाऊ म्हणजे यातृ! दोन भावांच्या बायकांचं एकमेकींशी असलेलं नातं. त्यालाही ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्याच मुळाचा शब्द होता. जावांचं नातं उसनं आणायला कुणी दुसऱ्या देशात जात नाही. ज्यांच्याकडे लग्न होऊन मुली सासरी येत आणि तिथे जावा-जावा एकत्र नांदत, अशा एखाद्या जुन्या समाजाकडून हे शब्द वारशाने सगळीकडे गेले.

दुसरी गोष्ट, साम्य नियमाने चालतं का. संस्कृतात जिथे श, तिथे लॅटिनमध्ये बहुधा क: दश आणि देकेम, शत आणि केंतुम, श्वन् म्हणजे कुत्रा आणि कानिस. वर आलेला श्वश्रू-सोक्रुसही याच नियमात बसतो. अवेस्ताशी ताडून पाहिलं तर संस्कृतच्या स च्या जागी ह येतो: सप्त आणि हप्त, सोम आणि हओम, असुर आणि अहुर, सिंधु आणि हिंदु. योगायोग असा शिस्तीत चालत नाही.

तिसरी आणि मला सगळ्यात वजनदार वाटणारी गोष्ट म्हणजे व्याकरण. संस्कृतात 'तो आहे' म्हणजे अस्ति आणि 'ते आहेत' म्हणजे सन्ति. अनेकवचनात सुरुवातीचा अ गळून पडतो. लॅटिनमध्ये एस्त आणि सुंत, जर्मनमध्ये इस्ट आणि झिंट. तिथेही एकवचनात स्वर आहे, अनेकवचनात तो गळला आहे. शब्द उसना घेता येईल. क्रियापदाची अशी खोड कोण उसनी घेतं?

हा सिद्धांत इंग्रजांनी आपल्याला फोडण्यासाठी रचला ना?

त्याचा गैरवापर त्यांनी केला हे खरं. रिस्ले या अधिकाऱ्याने १९०१ च्या जनगणनेच्या काळात लोकांच्या नाकांची मापं घेऊन जाती वंशांत विभागायचा प्रयत्न केला. ते शास्त्र आज टाकाऊ ठरलं आहे. पण भाषाकुळाचा शोध लावणारे सास्सेत्ती इटालियन, पाँडिचेरीहून १७६७ मध्ये हेच लिहिणारे केर्दू फ्रेंच, आणि १८१६ मध्ये क्रियापदांची पद्धतशीर तुलना करणारे फ्रांझ बोप जर्मन. यातल्या कुणालाही इंग्रजांचं राज्य टिकवायची गरज नव्हती. शिवाय मालवणात १८३७ साली जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत हीच तुलनात्मक पद्धत वापरून संस्कृतपासून प्राकृत आणि प्राकृतापासून मराठी कशी आली ते दाखवलं. मालवणच्या मुलाने ही पद्धत तपासून घेऊन वापरली, इतकं मला पुरेसं आहे.

मग ती मूळ भाषा बोलली कुठे जात होती?

आज सर्वाधिक मान्यता काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाला आहे. आजचा युक्रेन आणि दक्षिण रशिया. मारिया गिंबुतास यांनी १९५६ मध्ये ही मांडणी केली. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८७ मध्ये तुर्कस्तानातल्या पहिल्या शेतकऱ्यांकडे बोट दाखवलं. २०१५ पासून प्राचीन हाडांतल्या डीएनएने गवताळ प्रदेशाच्या बाजूला जोर दिला, कारण तिथल्या यमनाया पशुपालकांचा वंश युरोपात मोठ्या प्रमाणावर पोचलेला दिसला. सगळं मिटलेलं मात्र नाही. २०२३ मध्ये एका गटाने शब्दसंग्रहाच्या संख्याशास्त्रावरून कुळाची सुरुवात सुमारे ८,१०० वर्षांपूर्वी, कॉकेशसच्या दक्षिणेला ठेवली. २०२५ मध्ये दुसऱ्या गटाने कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाच्या पट्ट्यातले लोक हे यमनाया आणि जुन्या तुर्कस्तानातले हित्ती या दोन्ही शाखांचे पूर्वज असावेत असं सुचवलं. सगळ्यात जुना टप्पा कॉकेशसच्या कुठल्या बाजूला, यावर खरा वाद आहे.

काळ ठरवण्यासाठी एक साधी वस्तू उपयोगी पडते: बैलगाडी. चाक म्हणजे चक्र, ग्रीकमध्ये कुक्लोस, इंग्रजीत व्हील. गाडीचा आस म्हणजे अक्ष, लॅटिनमध्ये आक्सिस. बैलांच्या मानेवरचं जू म्हणजे युग, लॅटिनमध्ये युगुम. एवढे भाग नावानिशी सामाईक आहेत, म्हणजे या भाषा वेगळ्या होण्यापूर्वी त्या लोकांकडे गाडी होती. जगात चाकाची गाडी इ. स. पू. ३५०० च्या आसपास दिसू लागते. त्यामुळे निदान या शाखांची फाटाफूट त्याच्या फार आधी नेता येत नाही.

लोकमान्यांनी तर आर्य उत्तर ध्रुवावरून आले असं सांगितलं होतं!

हा प्रश्न रत्नागिरीत हमखास येतो, आणि यावा. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. टिळक आळीतलं ते घर आजही पाहता येतं. राजकारणाच्या धबडग्यात त्यांनी या विषयावर दोन ग्रंथ लिहिले. १८९३ च्या 'ओरायन'मध्ये त्यांनी वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचं सूर्याचं स्थान) मृगशीर्षात असल्याच्या उल्लेखांवरून काही वैदिक परंपरा इ. स. पू. ४००० च्या सुमाराच्या ठरवल्या. त्याच सुमारास जर्मनीत याकोबी स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचले होते. पुढे टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत असताना मॅक्स म्युलर यांनी त्यांना ऋग्वेदाची आपली आवृत्ती पाठवली आणि त्यांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सहीही केली.

१९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध झालं. दीर्घ उषा, अनेक उषांचा एकत्र उल्लेख, देवांचा सहा महिन्यांचा दिवस, अवेस्तातला दहा महिन्यांचा हिवाळा, हे सगळं ध्रुवप्रदेशाच्या आठवणीशिवाय समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. हिमयुग आलं आणि लोक दक्षिणेकडे सरकले. अमेरिकेच्या विल्यम वॉरन यांनी आधी मानवाचं मूळ घर ध्रुवावर असल्याचं लिहिलं होतं. टिळकांनी त्याचा आधार मोकळेपणाने सांगितला.

आज हा निष्कर्ष टिकत नाही. त्यांनी वापरलेलं भूशास्त्र त्या काळचं होतं आणि पुढे बदललं. ध्रुवप्रदेशात अशा वस्तीचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. आणि वरच्या बैलगाडीचा मुद्दा: इतक्या जुन्या काळात चाक नव्हतं, पण भाषेत ते आहे. तरीही मी तरुणांना टिळक वाचायला सांगतो. ऋचा समोर ठेवायची, वेदांचे जुने भाष्यकार सायणाचार्य यांचा अर्थ कुठे अडतो ते दाखवायचं, मग आपला अर्थ मांडायचा, ही त्यांची पद्धत पक्की होती. आणखी एक. राष्ट्रवादाचा एवढा मोठा नेता 'आपले पूर्वज बाहेरून आले' हे बिनदिक्कत लिहितो. त्यामुळे आपलं इथलं स्थान उणं होतं असं त्यांना कुठेही वाटलेलं दिसत नाही.

सिंधू संस्कृती आर्यांनी नष्ट केली, असं शाळेत शिकलो होतो.

ते जुनं झालं. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात मोहेंजोदडोचे सांगाडे आणि हडप्पाची तटबंदी पाहून इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवलं, की ते सांगाडे एका वेळचे नाहीत, वेगवेगळ्या थरांतले आहेत आणि कत्तलीचा पुरावा देत नाहीत. शहरं इ. स. पू. १९०० च्या सुमारास ओस पडू लागली. पावसाचं मान कमी होणं, नद्यांचे प्रवाह बदलणं, व्यापार आटणं ही कारणं पुढे येतात.

राखीगढीच्या डीएनएने आर्य सिद्धांत खोटा ठरला असं वाचलं. खरं आहे का?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा हा निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये आला. हरियाणातल्या राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या अवशेषांतून वाचता येईल असा डीएनए मिळाला. तिच्यात इराणच्या पठाराशी दूरचं नातं असलेला एक प्राचीन वंश आणि भारतातल्या आद्य शिकारी-संग्राहकांशी जुळणारा दुसरा वंश आढळला. गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वंश आढळला नाही.

आता विचार करा. आज उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत असंख्य भारतीयांत तो वंश कमी-अधिक सापडतो. हडप्पाकाळच्या या स्त्रीत तो नाही. मग तो नंतर आला, हाच सरळ अर्थ निघतो. त्याच सुमारास ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा मोठा अभ्यास आला. त्यात हा वंश इ. स. पू. २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियात आल्याचं मांडलं आहे. राखीगढीचा निबंधही भाषा याच वाटेने आल्याची शक्यता नोंदवतो. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र उलटं छापून आलं. एका स्त्रीवरून अख्ख्या संस्कृतीचा निकाल लागत नाही हेही खरं. म्हणूनच तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथे सापडलेल्या, तिच्याशीच जुळणाऱ्या अकरा जणांचा पुरावा महत्त्वाचा ठरतो.

उलटं का नसेल? भारतातूनच भाषा बाहेर गेली असेल.

या बाजूचे मुद्दे थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. ऋग्वेदात बाहेरून आल्याची स्पष्ट आठवण नाही. उत्खननात बाहेरच्या लोकांचा ठसठशीत थर सापडत नाही. ऋग्वेद सरस्वतीला वाहती, बलाढ्य नदी म्हणतो, आणि घग्गर-हाक्रा ही तीच असेल तर तिचा ऱ्हास हडप्पाकाळातच झाला होता. घग्गरला हिमालयाचं पाणी कधीपर्यंत होतं, यावर भूशास्त्रज्ञांचंच एकमत नाही.

तरी माझं मत दुसरीकडे झुकतं, आणि त्याला कारणं आहेत. इ. स. पू. चौदाव्या शतकात, आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या पट्ट्यातल्या मितन्नी राजाच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची साक्ष आहे. तिथल्या किक्कुलीच्या घोडे शिकवण्याच्या ग्रंथात 'एक' साठी ऐक हे रूप येतं. ते वैदिक 'एक'पेक्षा जुन्या वळणाचं आहे. म्हणजे ऋग्वेदाची भाषा त्याच्या हजारो वर्षं आधी घडून स्थिर झाली होती असं मानणं अवघड जातं. दुसरं, ऋग्वेदात मयूरासारखे द्राविडी मुळाचे मानले जाणारे शब्द आहेत. भाषा इथून युरोपात गेल्या असत्या तर असा एखादा शब्द तिथे पोचायला हवा होता. तिसरं, आज जगभर असलेल्या पाळीव घोड्याचा वंश सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी व्होल्गा-डॉनच्या प्रदेशातून पसरल्याचं २०२१ मध्ये दाखवलं गेलं, आणि ऋग्वेद तर घोड्यांनी आणि रथांनी भरलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या सिनौलीत २०१८ मध्ये सापडलेल्या गाड्यांची चाकं भरीव आहेत. त्यांना घोडे जोडत की बैल, यावर वाद आहे.

महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचं म्हणणं एकच होतं का?

अजिबात नाही, आणि हे अनेकांना ठाऊक नसतं. फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तोच युरोपीय सिद्धांत उलटा फिरवला: आर्य भट हे इराणातून आलेले आक्रमक, आणि इथला कष्टकरी हा बळीराजाचा मूळ वारस. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९४६ मध्ये शूद्रांच्या मुळाचा शोध घेताना त्यांनी वेदांचे उल्लेख तपासले आणि निष्कर्ष काढला, की आर्य नावाच्या वंशाला वेदांत आधार नाही, अशा वंशाने स्वारी करून दासांना जिंकल्याचा पुरावा नाही. जातीचं मूळ वंशात शोधू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. वंशाविषयी ते बरोबर होते असं आज जनुकशास्त्र म्हणतं. लोकांच्या येण्याविषयीचा पुरावा मात्र त्यांच्या नंतर हाती आला.

आमचे डोळे घारे आहेत. आम्ही आर्य, ग्रीक की इराणी?

चित्पावनांच्या मुळाविषयी इजिप्तपासून इराणपर्यंत सगळं लिहून झालं आहे. सह्याद्रिखंडात परशुरामाने समुद्र हटवून नवी भूमी वसवल्याची कथा आहे. ती श्रद्धेची कथा, स्थलांतराची नोंद नव्हे. डोळ्यांचा रंग मोजक्या जनुकीय फरकांवर ठरतो. लहान समाजात शतकानुशतकं आपसात लग्नं झाली की असा फरक वाढू शकतो. त्यावरून देश सांगता येत नाही.

खरोखर समुद्रमार्गे आलेले लोक कोकणात आहेतच. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आलेल्यांची परंपरा सांगणारे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, दिवेकर, रोहेकर. घरची भाषा मराठी. २०१६ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेचा आणि स्थानिक भारतीय असा दोन्ही वंश दिसला. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. भाषा एका वाटेने येते आणि रक्त दुसऱ्या, याचं याहून ठळक उदाहरण शोधायला लांब जायला नको.

मग कोकणातले मूळनिवासी कोण? कातळशिल्पं कुणी खोदली?

२००९ आणि २०१३ च्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं, की भारतात अगदी एकाकी गटांतही मिश्रण आहे. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात झालं आणि मग जातीबाहेरची लग्नं थांबत गेली. कुणबी, भंडारी, गाबित, कोळी, कातकरी, ब्राह्मण. प्रमाण वेगळं, धागे तेच. सगळ्यांत जुना धागा, म्हणजे आद्य शिकारी-संग्राहकांचा, आपल्या सगळ्यांत आहे.

कशेळीचा भलामोठा हत्ती, बारसूची माणूस आणि वाघांची आकृती, उक्षी, देवाचे गोठणे: ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती खोदणाऱ्यांची भाषा कुठली होती हे जांभ्यावर लिहिलेलं नाही. त्यांना आर्य किंवा द्रविड म्हणणं दोन्ही निराधार. ती जपणं मात्र आपल्या हातात आहे. एका खाणीत किंवा एका रस्त्यात हजारो वर्षांचं काम पुसलं जातं.

मराठी आर्य भाषा की द्राविडी?

कुळाने इंडो-आर्यन, म्हणजे संस्कृतच्या वंशातली. पण घडणीवर दक्षिणेच्या शेजाराची खोल छाप आहे. 'आपण जाऊ' म्हटलं की ऐकणारा धरला, 'आम्ही जातो' म्हटलं की तो वगळला; हा भेद तमिळ आणि तेलुगूत आहे, संस्कृतात नाही, हिंदीत नाही. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे च तेलुगूतही भेटतात. 'उद्या येतो म्हणून सांगितलं' ही रचना कन्नडमध्ये जशीच्या तशी. अक्का, अण्णा तिकडचेच. मामाच्या मुलीशी लग्न अनेक मराठी जातींत चालतं. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा म्हटलं, ते यामुळेच.

भातशेतीच्या कुणग्यात उभं राहिलात तर हे सगळं एका जोताला बांधलेलं दिसेल. बैलांच्या मानेवरचं जू हजारो मैलांवरच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या भाषेतलं. मागचा नांगर मात्र संस्कृत लाङ्गलावरून आला, आणि लाङ्गल हा शब्द ऋग्वेदाच्या कवींनीच इथल्या, बहुधा मुंडा कुळातल्या, भाषेतून घेतला असं अनेक तज्ज्ञ मानतात.

ही भाषा कोकणात केव्हा पोचली?

पहिला लेखी पुरावा उत्तर कोकणात, सोपाऱ्याला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये. भाषा प्राकृत, काळ इ. स. पू. तिसरं शतक. पुढे रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाजवळच्या कुडे लेण्यांत दान देणाऱ्यांच्या प्राकृत नोंदी आहेत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे तोवर ही भाषा बाजारात रुळली होती. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. त्याआधी किनाऱ्यावर काय बोलत होते, याची लेखी खूण नाही.

सिंधू लिपी वाचता आली तर वाद संपेल का?

बराचसा. हडप्पाची भाषा द्राविडी निघाली तर आजच्या मांडणीला मोठं बळ मिळेल. संस्कृतची पूर्वज निघाली तर सगळ्यांना, मलाही, पाटी कोरी करून बसावं लागेल. तिसरीच, आज नामशेष झालेली भाषा निघण्याचीही शक्यता आहे. अडचण अशी की बहुतेक लेख चार-पाच चिन्हांचे आहेत आणि शेजारी ओळखीच्या भाषेत तोच मजकूर असलेला एकही लेख मिळालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ही लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. उलगडल्याचे दावे दरवर्षी येतात. कुणी असा दावा पाठवला तर एवढंच तपासा: त्याच नियमांनी त्याने न पाहिलेली मुद्राही वाचता येते का?